कड्याच्या पायथ्याशी

“दादा कपारीत असेल गं वहिनी. मुद्दाम उशीर करतोय, तुला घाबरवायला,” मी म्हणाले.

पीताकीवहिनी हसली नाही. माझा भाऊ अपिसी गव्याच्या वासराचं कातडं पांघरून, वासरासारखा हंबरत कळपापुढे पळायचा. कड्याच्या टोकाशी आला की तो बाजूच्या कपारीत उडी मारायचा आणि मागचे गवे थेट खाली कोसळायचे. मग वरून डोकं काढून तो खाली थांबलेल्या आम्हा बायकांना ओरडून विचारायचा, “झोपलात का गं सगळ्या?” आज कुणी ओरडलं नाही. पुरुष कपार बघून आले आणि मान खाली घालून उभे राहिले.

“आधी हा मेलेल्या गव्यांचा ढीग उपसा,” वहिनी म्हणाली.

“कुणाच्या बापाला उपसवणार आहे तो?” कायोआकी मावशी कडाडली. मांस कापण्याचा सगळा कारभार तिचा. “ऊन बघ. मांस थांबत नाही, पोरी. कडेपासून कापत या. हिवाळ्यात पोरं काय दगड खातील?”

म्हातारीचा मला इतका राग आला की हातातली गारगोटीची सुरी तिच्यावर फेकावीशी वाटली. पण तिचं खरं होतं. अख्खा गवा आम्हा बायकांनी ओढून हलत नाही. दादापर्यंत जायचं तर कापतच जायला हवं होतं.

वहिनी कापायला लागली. कातडं सोडव, पाठीची चरबी काढ, मांड्या वेगळ्या कर, की पुढचा गवा. रडत होती आणि कापत होती, पण एक तुकडा तिने मातीत पडू दिला नाही. मी मागे कुत्र्यांना जुंपलेल्या, जमिनीवरून घसटत ओढायच्या दांड्यांवर मांसाची ओझी लादत राहिले. प्रत्येक गवा बाजूला होताना मला वाटे, ह्याच्याखाली नसू दे. कुठेतरी लपून हसत असू दे.

ऊन कलताना वासराचं कातडं दिसलं. आत दादा होता.

बायका उचलायला धावल्या.

“थांबा,” वहिनी म्हणाली. “जनावराच्या रक्ताचे हात त्यांना लावू नका.”

कापायचं अजून कितीतरी बाकी होतं. कायोआकी मावशीने सुरी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या आधी ती नदीकडे चालू लागली. मागोमाग सगळ्या गेल्या.

वहिनी दादाजवळून हलेना. मी पखालीतून पाणी आणलं, तिचे हात माझ्या मांडीवर घेतले, वाळूने घासले. नखांतलं रक्त काही निघेना. मला रडू आवरेना.

“असू द्या, वन्सं,” ती म्हणाली. “माझे हात त्यांना ओळखीचे आहेत.”

आणि तिने त्याच्या केसांतली माती काढायला घेतली.