कोशाचा निळा मध्य

घरच्या थोरल्या मालकिणीने, जूनदेदने, मला आत बोलाविले, परंतु माझे गाठोडे उंबऱ्याबाहेरच ठेवावयास लाविले. पस्तीस वर्षे या घरच्या शाली मी रफू करीत आलो. असा प्रसंग प्रथमच आला.

शाल सायीच्या रंगाची, तिच्या धाकट्या लेकीच्या निकाहाकरिता राखलेली. वसंतात मी तिचा काठ सांधून दिला होता. आता शरदात पेटी उघडली, तो शालीच्या मध्यभागी सात छिद्रे. जूनदेदचे म्हणणे असे की, रफूगर जुन्या शालींचे धागे उसवून साठवितो आणि त्या धाग्यांतूनच कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, आली. ही गोष्ट मोहल्ल्यात पसरती, तर झेलमच्या या काठावर मला कोणीही शाल दिली नसती.

"लस्सा, तुझ्या हातावर माझा भरवसा आहे," ती म्हणाली. "गाठोड्यावर नाही."

मला मात्र तिच्या सुनेचा, हाजराचा, संशय आला. ती दारातून हलेना. शिवाय पेटीला कसर दूर ठेवणाऱ्या कुठाच्या मुळीचा उग्र वास नव्हता. त्या मुळीवाचून उन्हाळ्यात शाल ठेवणारे घर आमच्यात सापडावयाचे नाही. मग मुळी काढली कोणी?

मी भिंग काढले. घडीत एक मेलेली पाकोळी होती: तांदळाच्या दाण्याएवढी, धुरकट, पंखांवर काळसर ठिपके. ठिपक्यांवरून मी जात ओळखली. ही पाकोळी स्वतः काहीच खात नाही. खाते ती तिची अळी. अळी ज्या लोकरीवर जगते, तिचाच नळीसारखा कोश करून अंगावर वागविते, आणि वाढेल तशी दोन्ही टोकांस नवी लोकर जोडते. म्हणून ती कोठे जन्मली, हे कोशाचा मध्य सांगतो.

शालीला चिकटलेला एक कोश मी भिंगाखाली धरला. टोके सायीच्या रंगाची. मध्य निळा.

मी कोश मुठीत झाकला. निळे धागे माझ्याजवळही होते.

हाजराने ते ताडले. "काका, निळी लोकर आहे ना तुमच्याकडे? मग दाखवा की. लपवताय कशाला?"

मी बाहेर जाऊन गाठोडे सोडले. माझी निळी जवळजवळ काळी. कोशातली फिकट, आकाशी. हाजराने दोन्ही उन्हात धरून पाहिल्या, काही बोलावयास गेली, आणि सासूकडे बघून थांबली. पेटीची किल्ली जूनदेदच्या अंगातल्या लांब फेरनच्या खिशात असे. ती कोणासही मिळत नसे.

जूनदेद सावकाश उठली. पेटीच्या तळाचा कागद उचलून तिने एक आकाशी मफलर काढला. त्याची चाळण झाली होती. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या तिच्या नवऱ्याचा तो, अंगावरून उतरवून तसाच न धुता ठेवलेला.

"मुळी मीच घातली नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तिच्या वासापुढे ह्यांचा वास टिकला असता का?"

कसरीला घामेजलेली लोकरच अधिक आवडते, हे मी बोललो नाही. एवढेच म्हणालो, की आत जिवंत अळ्या आहेत, मफलर दोन दिवस कडक उन्हात टाकावा लागेल.

"मग वास जाईल."

"जाईल, देद."

तिने तो बराच वेळ मांडीवर ठेवला. मग सुनेच्या हाती देऊन म्हणाली, "अंगणात टाक. आणि लस्साचं गाठोडं आत आण. बाहेर कशाला ठेवलंस?"

हाजराने माझ्याकडे एकदा पाहिले आणि गाठोडे आणावयास गेली.