बाजारच्या दिवशी मोजलेली विहीर

साल १९८६. लातूर जिल्हा नवानवा होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. जळकोटजवळच्या एका गावात ग्यानोबानं मला अंबाडीच्या वाखापासून वळलं, हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला.

शाळेतल्या सिंधुबाई विज्ञानाच्या तासाला गणित शिकवत. विहिरीचं पाणी कुठवर पुरेल, हे त्यांनी सातवीच्या मुलांना शोधायला लावलं. बाजारच्या दिवशी शाळा लवकर सुटे. त्या दुपारी मुलं मला विहिरीत सोडत, ओल्या झालेल्या गाठी मोजत आणि शाळेच्या भिंतीवर गेरूनं आलेख काढत. रेघ सावकाश उतरत होती. मृगापर्यंत पाणी पुरेल, असं निघालं. सर्वांत जास्त आनंद तारामतीला झाला. विहीर आटली तर तिचा बाप लिंबाजी बिऱ्हाड घेऊन निजामाबादला कामाला जाणार होता. मग तिची शाळा सुटली असती.

एका संध्याकाळी तिनं सहज मला पाण्यात सोडलं. काठावर घागरींची, म्हशींची दाटी होती. नेहमी भिजणाऱ्या तीन गाठी कोरड्याच वर आल्या. ती धावत बाईंकडे गेली.

"बाई, बाजारला समदं गाव जळकोटला जातंय. विहिरीवर कुणीच नसतंय. आपण रोजची विहीर मापलीच न्हाई."

मग मी रोज संध्याकाळी उतरू लागलो. नवी रेघ मृगाच्या कितीतरी आधी तळाला टेकत होती. मुलांनी माझ्या दोन गाठींना चिंध्या बांधल्या, वर लाल, खाली हिरवी, आणि नियम बांधला. पाणी लाल चिंधीच्या गाठीखाली गेलं, की जनावरं पाझर तलावावर. हिरव्या चिंधीखाली गेलं, की घरटी दोनच घागरी, पाटलाच्या घरी आणि बुद्धवाड्यात सारख्याच.

"लेकरायच्या दोरानं पाणी वाढतंय व्हय?" काठावरच्या म्हाताऱ्या गौरम्मा हसल्या. पण पहिल्या दिवशी दोनच घागरी भरून सर्वांआधी त्याच परतल्या.

नियमानंतर भिंतीवरची रेघ पुन्हा सावकाश उतरू लागली. लिंबाजीनं ती बोटानं मृगापर्यंत नेऊन पाहिली. "मिरगापोतर थांबतो," म्हणाला.

मृग आला तेव्हा माझी शेवटची गाठ अजून भिजत होती. त्या दिवशी मुलं मला धरून रस्सीखेच खेळली. इतका मी कधीच ताणलो नव्हतो, आणि इतका सुखावलोही नव्हतो.

सिंधुबाईंची पुढं लोह्याला बदली झाली, तिथंच त्या निवृत्त झाल्या. ग्यानोबा शेवटपर्यंत वाख वळत राहिला. गौरम्मा तो नियम आपणच केला म्हणून सुनांना सांगत. लिंबाजी गावातच राहिला. तारामती हदगावला शिक्षिका झाली आणि मला सोबत घेऊन गेली. माझे तंतू सुटले, की तिच्या शाळेतली मुलं नवा वाख गुंफतात.

मित्रांनो, तुमच्या विहिरीत आज किती पाणी आहे? ठाऊक नसेल तर एक दोर वळा. आणि त्याला कोरडा राहू देऊ नका.