नाव घ्या, साहेब

गाडी अज्ञात नव्हती, साहेब. ती तुम्ही केलीत. ठाण्यात पंख्याखाली बसून, चहा पिता पिता केलीत. तुमच्या तोंडचा तो एक शब्द पेपरात गेला, पेपरातनं मोबाइलात गेला आणि मोबाइलातनं माणसांच्या तोंडात जाऊन बसला. श्रीमंत देवकते टिप्परखाली मेला, ही गोष्ट खरी. त्याला कुणीच मारलं नाही, ही गोष्ट तुमची.

जळकोटच्या अलीकडं हायवेला लागून देवकत्यांची वस्ती आहे. सकाळच्या पारी श्रीमंत मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होता. आण्णासाहेबाच्या खडीक्रशरचा टिप्पर आला आणि श्रीमंतला आणि पुढच्या मेंढरांना चिरडून तसाच निघून गेला.

आण्णासाहेब म्हणजे भागातली बडी असामी. क्रशर त्याचं, शाळा त्याची, आणि इलेक्शनला कोण उभं राहायचं तेही त्याच्याच ओसरीवर ठरायचं. त्याच्या टिप्परचा हॉर्न साऱ्या भागाला पाठ होता. पुंगीसारखा लांबायचा आणि शेवटाला उचकी लागल्यागत तुटायचा. तो कानावर आला की बाया लेकरं पोटाशी ओढायच्या, म्हशीसुद्धा कडेला सरायच्या. त्या सकाळी श्रीमंतची बायको गजराबाई भाकरी थापत होती. तिनं तो हॉर्न ऐकला. उचकी ऐकली. मग मेंढरांचं ओरडणं ऐकलं.

फाट्यावर बंडप्पाचं चहाचं हॉटेल. सगळं त्याच्या दारात घडलेलं. पोलिसांनी विचारलं तर तो म्हणाला, "म्या चुलीकडं तोंड करून बसलो व्हतो. पाठमोरा. गाडी बघितलीच न्हाय."

दुसऱ्या दिवशी गजराबाईच्या बारावीतल्या पोरीनं, प्रतीक्षानं, आईला पेपर वाचून दाखवला. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत मेंढपाळ ठार.'

"अज्ञात म्हंजी? नवी कंपनी निघाली का गाड्याची?" गजराबाईनं विचारलं.

"म्हंजी म्हाईत नसलेली, आई."

"कुणाला म्हाईत न्हाय?"

पोरीनं बोट खाली सरकवलं. त्याच पानावर खाली आण्णासाहेब हसत होता. फेटा बांधून, वाढदिवसाच्या जाहिरातीत.

बातमी दिली होती बालाजीनं. तो गजराबाईचा सख्खा भाचा, तालुक्याच्या पेपरात पत्रकार. गजराबाईनं त्याला दारातच गाठलं.

"आत्या, ठाण्यातनं जे आलं तेच दिलं म्या. साहेब अज्ञात म्हणाले, आमी अज्ञात छापलं."

"क्रशरवर उभ्या गाडीच्या पुढच्या दांडीला लोकर गुतली व्हती. फोटू तूच काढला की रं!"

"पाठवला व्हता. वरच्यांनी काढून टाकला. वाढदिवसाची जाहिरात कुणाची हाय बघितली न्हवं? ती गेली तर मला ठिवतील का?"

"मग तुझ्या पेपरात आण्णाचं नाव येतंय तरी कवा?"

"वाढदिवसाला," बालाजी बोलून गेला.

तोच फोटो त्यानं आधी गावाच्या ग्रुपवर टाकला होता. दुपारपर्यंत लोकांनी तिथं शिव्यांची लाखोली वाहिली. संध्याकाळी प्रतीक्षानं मोबाइल उघडला तर फोटोही नाही, शिव्याही नाहीत. एकाखाली एक 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच. आणि त्याखाली, आता या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननंच बोलायचं. अ‍ॅडमिन आण्णासाहेबाचा कारकून.

तोंडाला कुलूप लागलं की मनाला गंज चढतो. शेजारची कमलबाई पहिल्या दिवशी गजराबाईच्या गळ्यात पडून ओरडली होती, "आण्णाच्या मुडद्या टिप्परनं घात केला गं बाई!" चार दिवस गेले, आणि तीच कमलबाई पाहुण्यांना सांगायला लागली, "काय सांगावं, त्या अदन्यात गाडीनं..."

गजराबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिला वाटलं, आपण नवऱ्याचं नाव घेत नाही, 'पोरीचा बाप' म्हणतो. पंचनाम्यालाही नाव पोरीनंच सांगितलं. तसं गावानं आण्णाचं नाव घ्यायचं सोडलंय. अख्खं गाव त्याची बायको झालंय, आणि 'अज्ञात' म्हणजे गावाचं 'पोरीचा बाप'.

त्याच आठवड्यात आण्णासाहेबाचा माणूस दोन मेंढ्या घेऊन आला आणि खुंट्याला बांधायला लागला.

"गाडी अज्ञात हाय न्हवं? मग मेंढरं कामून धाडली तुमच्या मालकानं?"

"माणुसकी म्हणून, वहिनी."

"मानसाच्या बदल्यात मेंढरं? लई मोठी माणुसकी हाय." तिनं दाव्यांच्या गाठी सोडल्या आणि मेंढ्या क्रशरच्या वाटेला हाकून दिल्या.

दहाव्याला आण्णासाहेबानं फाट्यावर शोकसभा ठेवली. बंडप्पाच्या हॉटेलावर फ्लेक्स लागला. श्रीमंतचा फोटो आधार कार्डावरनं उचललेला, लिंबाएवढा. आण्णासाहेबाचा कलिंगडाएवढा, हात जोडून. शोकाकुल म्हणून खाली त्याचंच नाव. मांडव रस्त्यावर निम्मा आलेला, माणसं रस्त्याला पाठ करून बसलेली. बालाजी मोबाइलवर लाइव्ह करत होता. गजराबाईला पुढं बसवलं होतं, रडताना नीट दिसावी म्हणून.

आण्णासाहेबानं माइक घेतला. आवाज जड केला. "माझा श्रीमंत गेला. त्या अज्ञात गाडीवाल्याला अटक झालीच पायजे! तंवर आमी गप बसणार न्हाय!"

टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या!

आणि मागनं हॉर्न आला. पुंगीगत लांबलेला, शेवटाला उचकी.

एकानंही मान वळवली नाही. बसल्या बसल्या सगळी माणसं आत सरकली. गिऱ्हाइकाचा कप विसळणारा बंडप्पा रस्त्याला पाठ करूनच ओरडला, "ए पोरांनो, सरा की! आण्णाची गाडी आली!"

टिप्पर धूळ उडवत निघून गेला.

गजराबाई उठली. "बंडप्पा, आज बी पाठमोरे हाव की तुमी! मग कशी वळखली?"

बंडप्पानं विसळलेलाच कप परत विसळायला घेतला.

"आन कमलबाई, तू गं? तू कामून सरकलीस? अदन्यात गाडीला भ्यालीस व्हय?" तिनं मांडवावर नजर फिरवली. "न बघता वळखताव. डोळं झाकून वळखताव. त्या दिशी कान कुठं गहाण टाकलं व्हतं?"

माइक बंद झाला. बालाजीनं मोबाइल पालथा केला. दोघं-तिघं "वहिनी, बसा, बसा" करत आले आणि तिला धरून मांडवाबाहेर घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी होत्या. 'शोकसभेत अज्ञात महिलेचा गोंधळ.'

प्रतीक्षानं त्या आईला वाचून दाखवल्या. गजराबाईला रडू आलं नाही. तिनं पेपर ओढून घेतला, घडी घालून कंबरेला खोचला आणि चालत फाटा गाठला. बंडप्पानं तिला बघितलं आणि चुलीकडं तोंड फिरवलं. ती जीपनं ठाण्यात आली, साहेब, तुमच्या टेबलापुढं. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "नाव?"

तिनं पेपर तुमच्यापुढं पसरला.

"ही अज्ञात बाई म्या हाय. लिवा. गजराबाई." हळद लागल्यापासून उखाण्याबिगर जे नाव तिच्या ओठावर आलं नव्हतं, ते तिनं ठाण्यातल्या साऱ्या माणसांदेखत घेतलं. "गजराबाई श्रीमंत देवकते. नवरा श्रीमंत. श्रीमंत! ऐकलं का?"

तुम्ही पेनाला टोपण लावलंत.

"मेलेल्या नवऱ्याचं नाव म्या लाज सोडून घेतलं, साहेब. आण्णा तुमचा कोण लागतो, म्हणून तुमी लाजताव? आता पाळी तुमची. घ्या नाव. गाडी कुणाची?"