सेरेनने पकडलेला ससा

मी शर्यतीतला ससा बोलतो आहे. जिवंत नव्हे, गोणपाटाचे अंग, भुशाचे पोट आणि पायांच्या जागी लोखंडी चाके. वेल्समधल्या आमच्या दरीत दर उन्हाळ्यात पेनवेर्न चषकाची शर्यत भरे. खाणीतून वर आलेली माणसे अंगावरचा कोळसा धुऊन कुंपणाशी गर्दी करीत. रुळावरून मी पुढे धावे, माझ्यामागे सहा ग्रेहाउंड कुत्री. मला कोणी कधी पकडायचे नाही, या एका असत्यावर तो सारा खेळ उभा होता.

मनोऱ्यात बसून माझा वेग राखी तो टेकविन नावाचा माणूस. पहिल्या कुत्र्याच्या नाकासमोर, परंतु दातांपलीकडे मला ठेवायचे, एवढेच त्याचे काम. उपांत्य फेरीत मेहुण्याच्या कुत्र्याला आरोळ्या देताना त्याचा हात माझ्या वेगाच्या कळीवरून सुटला. मी थबकलो. आघाडीवरच्या सेरेन नावाच्या कुत्रीने मला धरले, फाडले, हुंगले. आत भुसा! तिने मान वर करून माणसांकडे पाहिले.

मला शिवून फेरी पुन्हा झाली. कुत्र्यांच्या पेट्यांची दारे उघडली, पाच धावली, सेरेन उभीच राहिली.

"काय रे एम्लिन, तुझी बाई चहाला थांबलीय का?" कोणीतरी ओरडले. हशा पिकला.

तिचा मालक एम्लिन हसला नाही. "हिला कळलं. आता ही पळायची नाही."

"मग मला दे," कुत्र्यांना न्हाऊ घालणारी मेअर म्हणाली. "शेगडीपाशी पडून राहील बिचारी."

"आणि गावानं रोज माझी टर उडवायची? मावशी, उगाच गळ घालू नकोस."

तो तिला टेकाडामागे घेऊन गेला. परतला तेव्हा हातात नुसता पट्टा होता. जिला सत्य उमगले, तिला मारले. ज्याचा हात सुटला, त्याला त्याच संध्याकाळी बिअर पाजली. थू!

पुढे खाण मिटली, मैदान विकले गेले, चषक बंद पडला. मी क्लबच्या अडगळीत गंजत पडलो. परवा म्हाताऱ्यांनी मला बाहेर काढून टेबलावर मांडले. शर्यती पुन्हा भरवायच्या म्हणे! जुन्या चषकाच्या आठवणीने त्यांचे डोळे पाणावले. एका निर्जीव भांड्यासाठी!

काठी टेकीत मेअर उठली. "भरवा की. पण एम्लिन, सेरेनला कुठं पुरलंस ते आधी दाखव."

"मावशी, किती वर्षं झाली त्याला!"

"वर्षं नाही विचारली. जागा विचारली."

एम्लिनला जागा आठवेना. टेकविन मात्र खाली मान घालून माझ्या चाकांना तेल घालीत राहिला.

वाचकहो, त्याला कोणीतरी अडवा. मला गंजू द्या.