पडघ्याला न उतरलेली

बुधवारी पंढरीला शेजारच्या गावात बैठकीचं बोलावणं होतं. अशी बोलावणी त्याला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येत. कुणाची लेक सासरहून निघून आलेली असे, कुणाच्या सुनेला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं असे. मग दोन्हीकडची वडीलधारी माणसं एखाद्या ओसरीवर जमत आणि पंढरीला मधोमध बसवत. नाशिक महामार्गालगतची जमीन गोदामाला दिल्यापासून त्याच्याकडे सवड होती, बोलण्याला वजन होतं आणि आवाज कधी चढत नसे. तो सगळ्यांचं ऐकून घेई, जावयाला चार शब्द सुनावी, सासूला समजावी आणि शेवटी तेच सांगे, "पोरीला आजच घेऊन जा. परत तक्रार यायला नको." माणसं समाधानाने हात जोडत. आत पोर पिशवी भरायला लागे. तिला बाहेर बोलावून काही विचारायची पद्धत नव्हती.

त्या बुधवारीही तसंच झालं. बैठक मिटली, पंगत बसली, आणि तांदळाच्या भाकरीचा पहिला तुकडा मोडतानाच पंढरीचा फोन वाजला. त्याची लेक ऋतिका बोलत होती.

"बाबा, जेवलात का?"

"बसलोय जेवायला. मी इकडं बैठकीत हाय. तिकडं सगळं नीट हाय ना?"

ती क्षणभर थांबली. "हाय."

"मग झालं. संध्याकाळी बोलू," म्हणून त्याने फोन ठेवला. संध्याकाळी तो विसरला.

ऋतिकाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पूर्णा गावातलं घर तोलामोलाचं, नवरा कुणाल गोदामांना गाड्या पुरवायचा. तो मारतो हे पंढरीला ठाऊक होतं. फोन कुणाचा आला, कुणाशी हसलीस, एवढंही कारण त्याला पुरे. दिवाळीनंतर ती एकदा माहेरी आली होती, शिमग्याआधी पुन्हा आली. दोन्ही वेळा तिची आई जानकीबाई रडली आणि दोन्ही वेळा पंढरीने स्वतः लेकीला गावाजवळच्या पडघ्याच्या थांब्यावर नेऊन भिवंडीच्या बसमध्ये बसवून दिलं. जो दुसऱ्यांच्या पोरी नांदायला पाठवतो त्याची स्वतःची पोर घरी बसली, तर लोक काय म्हणतील, ही धास्ती त्याने बायकोलाही कधी बोलून दाखवली नव्हती.

गुरुवारी सकाळी कुणालचा फोन आला. "तुमची पोरगी कालपासून घरात नाही. दहा वाजता पिशवी घेऊन निघाली, फोन बंद आहे. कुणाबरोबर तरी गेली असणार. शोधा तुम्हीच."

दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. चुलतभाऊ येऊन हळूच सांगून गेले, की पोलिसांत जाऊ नका, खरंच कुणी निघाला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पंढरीलाही मनातून तेच वाटत होतं. तक्रार तर त्याने दिली, पण ती देताना मान वर केली नाही. पूर्णाच्या एका बाईने ऋतिकाला बसच्या थांब्यावर पाहिलं होतं. हवालदार म्हणाला, "बसमध्ये आता कॅमेरे आहेत. आम्ही पत्र देतो. ओळख पटवायला तुम्हाला यावं लागेल." पंढरी 'येतो' म्हणाला आणि चार दिवस गेलाच नाही.

पाचव्या दिवशी जानकीबाईने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली.

"तुमी कशाला भिता? पोरगी मेली असंल म्हणून, का कुणाबरोबर दिसंल म्हणून?"

खरं उत्तर त्याचं त्यालाच ऐकवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा वेशीवर चिंधू उभा होता. "मी येतो संगती," एवढंच तो म्हणाला. चिंधू त्याच्याच वयाचा, रोजंदारीवर जाणारा कुणबी. सहा वर्षांपूर्वी त्याची लेक तुळजा सासरहून आली होती आणि पंढरीने बैठक बसवून तिला परत पाठवलं होतं. आठ महिन्यांनी तिचं प्रेत आलं. स्टोव्ह भडकला, असं सासरच्यांनी सांगितलं. त्यानंतर चिंधू पंढरीशी फारसा बोलला नव्हता. तरी दोघं एकत्रच थांब्याकडे चालू लागले.

भिवंडीतल्या बस आगाराच्या मागे एका खोलीत कॅमेऱ्यांचं काम चाले. तिथे नेत्रा नावाची पंचविशीची मुलगी बसली होती. तिने हवालदाराचं पत्र वाचलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"काका, रेकॉर्डिंग सात दिवसच राहतं. मग त्याच्यावर नवीन चढतं. आज सहावा दिवस आहे."

पंढरीने खुर्ची पुढे ओढली. हवालदार त्याच्या मागे उभा राहिला, चिंधू बाहेर बाकावर बसला.

पडद्यावर चार चौकटी होत्या. एकीत समोरचा रस्ता, दोहोंत आतल्या जागा, एकीत दरवाजा. वरच्या कोपऱ्यात वेळ पळत होती. पावणेअकराला भिवंडीच्या थांब्यावर ऋतिका बसमध्ये चढली. अंगावर मोरपंखी ड्रेस, डोक्यावरून ओढणी. पंढरी तिला सोडून आधी तिच्या मागे कोण चढतंय ते बघत राहिला. एक म्हातारी चढली, मग दोन शाळकरी मुली. ऋतिका खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामीच राहिली.

त्याचा जीव भांड्यात पडला. ती एकटी होती. याचीच त्याला क्षणभर लाज वाटली, पण ती टिकली नाही, कारण हवालदार म्हणाला, "बस पडघ्याची आहे. म्हणजे तुमच्याकडेच निघाली होती."

"घरी आली न्हाय ती."

"पुढे बघू," नेत्रा म्हणाली.

साडेअकरानंतर बस पडघ्याला पोचली. शेवटचा थांबा. सगळे उतरले. ऋतिका उठली, दरवाजापर्यंत आली, दांडा धरून पायरीवर उभी राहिली. तिथून घर वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. वाऱ्याने ओढणी सरकली तसा दरवाजावरच्या कॅमेऱ्यात तिचा डावा डोळा दिसला. तो सुजून जवळजवळ मिटला होता. ती तशी उभी राहिली, एक मिनिट, दोन मिनिटं. मग वळली आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसली. बस परतीची माणसं घेऊन भिवंडीला निघाली, तिच्यासकट.

"उतरली न्हाय," पंढरी म्हणाला. त्याला वाटलं आपल्यालाच नीट दिसलं नाही.

नेत्राने पुढे सरकवलं. भिवंडीलाही ती उतरली नाही. तीच बस पुन्हा पडघ्याला आली. एक वाजून अठरा मिनिटं. बस रिकामी झाली. ऋतिका पुन्हा दरवाजाशी आली आणि तिने पिशवीतून फोन काढला.

पंढरीने टेबलाची कड धरली.

पडद्याला आवाज नव्हता. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. त्या प्रत्येक थांबण्यात आपण काय बोललो ते पंढरीला शब्दन् शब्द आठवत होतं. ती एक पाय खालच्या पायरीवर ठेवून बोलत होती. फोन बंद झाल्यावर तिने हातातल्या फोनकडे पाहिलं, तो पाय वर घेतला आणि आत गेली.

"कुणाला केला असेल फोन?" हवालदाराने विचारलं.

"मला," पंढरी म्हणाला.

नेत्राने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

तिसऱ्या फेरीला ती दरवाजापर्यंतही आली नाही. पडघ्याला बस रिकामी झाली तेव्हा कंडक्टर बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ दोघी बोलत होत्या. बाईंनी तिकिटाच्या मागे काहीतरी लिहून दिलं. चार वाजता दोघी भिवंडीला एकत्रच उतरल्या.

"ह्या काशीताई," नेत्रा म्हणाली आणि तिने लगेच फोन लावून तो पंढरीच्या हातात दिला. काशीताई आधी कचरल्या. मुलीला शब्द दिला होता, म्हणाल्या. मग हवालदाराचा आवाज ऐकून सांगू लागल्या. महिलांच्या मदतीचा जो नंबर बसमध्ये लावलेला असतो तो त्यांनी दिला होता, आणि ड्युटी संपल्यावर स्वतः सोबत जाऊन तिला कल्याणच्या महिला आश्रमात पोचवलं होतं.

"मी तिला विचारलं, घरी कोण नाय का? म्हणाली, सगळे आहेत. मग उतरत का नाय, म्हटलं. तर म्हणाली, उतरले तर दोन दिवसांनी ह्याच बसनं परत जावं लागेल."

पंढरी बाहेर आला आणि बाकावर बसला. पोरगी जिवंत आहे, हे त्याने चिंधूला सांगितलं. काय पाहिलं तेही सांगितलं, तुटक तुटक. चिंधूने सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं कॅमेरा व्हता," तो म्हणाला. मग रस्त्याकडे बघत, "माझी तुळजा बसमधी नव्हती. माझ्या ओसरीवर बसलेली. पाठीवरचे वळ मला दिसत व्हते, तुला बी दिसत व्हते. आपल्याला कॅमेरा कशाला पायजे व्हता?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पंढरीला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पंढरी आणि जानकीबाई कल्याणला गेले. ऋतिकाचा डोळा उघडला होता, भोवती पिवळा डाग उरला होता. तिने आईचा हात धरला आणि सोडला नाही. वडिलांकडे मात्र ती दुरून बघत राहिली.

"तुमी न्यायला आलाव का घालवायला?"

"न्यायला," पंढरी म्हणाला. "कायमची."

"आता मी न्हाय येत," ती शांतपणे म्हणाली. "मी तक्रार लिहून दिलीय. इथं शिवणाचं काम हाय, वकीलबाई येतात. येईन कवातरी. पर तुमी घेऊन गेलाव म्हणून न्हाय."

त्याने खिशातला रुमाल काढला, पुन्हा ठेवला. माफी मागायचे शब्द त्याच्याकडे नव्हते. आयुष्यभर ते दुसऱ्यांकडून वदवून घ्यायची त्याला सवय होती.

रविवारी कुणालकडची माणसं आली. सोबत पंचक्रोशीतले चार जाणते होते, पंढरीच्या नेहमीच्या बैठकीतलेच. कुणालचा चुलता बोलला, की पोरीनं घराची अब्रू घालवली, तरी आम्ही मोठ्या मनानं तिला घेतो, तेवढी तक्रार मागं घ्या. सगळ्यांनी सवयीने पंढरीकडे पाहिलं.

"पोरगी येणार न्हाय," पंढरी म्हणाला. "तक्रार मागं घेणार न्हाय. ती कुणाबरोबर गेली न्हवती. मी पाह्यलंय. सुजलेला डोळा घेऊन ती दिवसभर एकटी बसमधी बसून व्हती, कारण तिला बापाच्या घरी उतरायची भीती वाटत व्हती. तुमच्याकडं तिला मार पडला, आन् मी तिची वाट बंद केली."

"पंढरीशेठ, तुम्हीच असं बोललात तर उद्या घरोघर पोरी येऊन बसतील," एक जाणता म्हणाला. "आजवर तुम्हीच तर सगळ्या मिटवल्यात."

"व्हय, मीच. किती पोरी पाठवल्या ते काल रातभर आठवत व्हतो. आठवल्या तेवढ्याच साठ झाल्या." त्याने चुलत्याला नमस्कार केला आणि तो उठला. चहा यायच्या आधीच बैठक मोडली. जाताना कुणी त्याला हात जोडले नाहीत.

सोमवारी सकाळी तो घरातून निघाला. वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका गावात त्याने गोदू नावाच्या मुलीला नांदायला पाठवलं होतं. दार उघडलं ते तिशी ओलांडलेल्या, वाळलेल्या बाईने. त्याला ओळखताच तिचा चेहरा पांढरा पडला.

"काका? माझा बा...?"

"तुझा बा बरा हाय. मी तुला इचारायला आलोय." "तुला हितं राहायचं व्हतं का, ते तवा कुणीच इचारलं न्हाय. मी बी न्हाय. आता इचारतो. काय त्रास हाय का तुला?"

गोदूने एकदा मागे वळून घरात पाहिलं. आत कुणीतरी खोकत होतं. तिने दार ओढून घेतलं आणि ती बाहेर पायरीवर आली.

"बारा वर्सं उशीर केलाव, काका."

तो मान खाली घालून उभा राहिला. परत जा असं ती म्हणेल, याची त्याने वाट पाहिली. ती म्हणाली नाही. तिने पदराने पायरी झाडली, त्याला बसायला जागा केली, आणि खालच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.