तोरणाची दोन टोकं

मी तापट माणूस आहे, हे बोरी गावात कुणीही सांगेल. माझी बायको कासाबाई माघात गेली तेव्हा मी रडलो नाही, सगळ्यांवर डाफरत फिरलो. डाफरणाऱ्याच्या वाटेला कुणी जात नाही. मला तेच हवं होतं.

तिच्या हातची एकच गोष्ट घरात उरली होती. गेल्या दसऱ्याला तिने ओवलेलं गावरान झेंडूचं तोरण, वाळून तपकिरी झालेलं, चुलीजवळच्या खुंटीला टांगलेलं. तिची लुगडी बहिणींनी नेली, भांडी सुनेच्या हाताखाली गेली. तोरणातल्या गाठी मात्र तिच्या बोटांनी मारलेल्या होत्या.

ज्येष्ठ सरत आला तशी सून शालू म्हणाली, "मामा, तोरण चुरून बी टाकायचं हाय. आत्याबाई याच दिवसात टाकायच्या."

"त्याला हात लावायचा न्हाई."

"आवंदा न्हाई टाकलं तर बियाणं मरंल. हा झेंडू गावात दुसऱ्या कुणाकडं न्हाई."

"तुला लय कळतं. मेलेल्या माणसाची वस्तू चुरायला शिकवलं व्हय तुझ्या आईबापानं?"

शालू भाकरी थापायला वळली. तिच्या आईबापांना मध्ये ओढायचं काही कारण नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मी शहाणपणा केला. झड लागली की आमच्याकडे मीठसुद्धा पाझरतं, तोरणाला ओल लागू नये म्हणून ते खताच्या गोणीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, सुतळीने तोंड करकचून आवळलं आणि पेटीत ठेवलं. तिने चुलीजवळचीच खुंटी का धरली असेल, हा विचार काही मनात आला नाही.

श्रावणात पेटी उघडली तर कुबट वास आला. पिशवी आतून घामेजली होती. तोरणावर राखाडी बुरशी. उचलायला गेलो तर दोरा जागोजागी तुटला आणि फुलं बोटांना चिकटली. गाठी राखायच्या म्हणून बी अडवलं होतं, आता दोन्ही गेलं. मी तिथेच भिंतीला टेकलो आणि माघात राहून गेलेलं रडू तेव्हा आलं.

शालूने रडणं ऐकलं. सूप आणलं, तोरण त्यात घेतलं आणि एकेक फूल चाचपत गेली. मधली सगळी सडली होती. दोन्ही टोकांची दोन-दोन फुलं मात्र टणक निघाली.

"आत्याबाई टोकाला झाडावर जून झालेली फुलं ओवायच्या," ती म्हणाली. "बियासाठी."

पस्तीस वर्षं दाराला तोरण मीच बांधत आलो, उंच म्हणून. टोकं दरवर्षी माझ्याच हातात असायची.

चिमूटभर काळ्या काड्या निघाल्या, तेच बी. फुटक्या घमेल्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरलं. मी सवयीने दोन पेरं बोट खुपसलं तसं शालूने मनगट धरलं.

"सरकी न्हाई ही, मामा. वरच पसरा. माती नुसती भुरभुरा."

पाचव्या दिवशी सात कोंब दिसले. मला धीर निघेना, मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत बसलो. त्या दमट हवेत तीन रोपं बुडाशी काळी पडली आणि त्यांनी मान टाकली. मग शालूने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, घमेलं पत्र्याखाली वाऱ्याला ठेवलं. चार जगली, ती अंगणात लावली.

दसऱ्याला गल्लीतली सगळी दारं बाजारातल्या झेंडूने पिवळी झाली. कासाबाईचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून आमचं दार बिनतोरणाचंच होतं. अंगणातली चार झाडं मात्र फुलांनी लवली होती.

"सूर्यभान, फुलं वाया जायलीत की," शेजारचा रंगनाथ म्हणाला.

"जून होऊ द्यायचीत," मी म्हणालो. डाफरलो नाही.

कार्तिकात फुलं झाडावरच वाळली. मी बी काढलं, फडक्यात बांधलं आणि शालूपुढे धरलं.

"हे तू ठेव. आन तुझ्या आईबापाला बोललो, ते चुकलं माझं."

तिने पुरचुंडी घेतली आणि चुलीजवळच्या त्याच खुंटीला अडकवली.

"पुढल्या दसऱ्याला तोरण मी ओवते," ती म्हणाली. "बांधायचं तुमीच."

"बांधतो. टोकाची फुलं ओवायलीस की मला हाक मार."