पिवळीचे न नोंदवलेले तास

छापलेलं: 'वाऱ्याची पिशवी', आमच्या वैमानिक क्लबचं पत्रक, जून

शनिवारी सकाळी आठला धावपट्टीवर पॅनकेकचा नाश्ता. वारा पश्चिमेचा असेल तर तवा शेडच्या मागे मांडावा. गेल्या वेळी धूर पाहुण्यांच्या विमानांत शिरला.

विमानातून पिठाच्या पुड्या टाकायची स्पर्धा चौदा तारखेला. गेल्या वर्षी अध्यक्ष डेल यांची पुडी निशाण सोडून ग्लेनिसच्या गाडीवर पडली होती. दोघं अजून बोलतात.

उत्तर टोकाला गोफरांनी बिळं केली आहेत. उतरताना डावीकडे राहा.

क्लबच्या विमानाची, म्हणजे पिवळीची, बॅटरी महिन्यात दुसऱ्यांदा बसली. तिच्या तास मोजणाऱ्या मीटरवर उड्डाणांच्या वहीपेक्षा अडीच तास जास्त आहेत. ज्याची नोंद राहिली असेल त्याने करावी.

संपादक, थोरा

न छापलेलं

कुणी नोंद केली नाही.

ग्लेनिस आमची सुरक्षा अधिकारी. पोस्टात तीस वर्षं काढल्यामुळे तिला पाकीट न उघडता आतलं कळतं. नाश्त्याला पॅनकेकवर बेरीचा जॅम फासत ती म्हणाली, "अडीच तास म्हणजे विसरणं नव्हे. अडीच तासांत माणूस सरोवरापर्यंत जाऊन परत येतो."

"मीटर बिघडलं असेल," डेल म्हणाला.

"मीटर बिघडलं तर थांबतं. चोरून पुढे जात नाही."

बोलताना ती वॉल्टर हुनचाककडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

वॉल्टर एकोणऐंशी वर्षांचे. क्लब त्यांनी सुरू केला, आमच्यातल्या निम्म्यांना उडायला त्यांनी शिकवलं. मी पहिल्यांदा एकटी उडून आले तेव्हा रिवाजाप्रमाणे माझ्या शर्टाची मागची पट्टी त्यांनीच कापली. ती अजून क्लबच्या भिंतीवर आहे. मार्चमध्ये हृदयाच्या डॉक्टरने त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र थांबवलं. उडणं बंद. किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहिली, कारण ती मागायची कुणी?

छापलेलं: जुलै

मोहरीची शेतं फुलली आहेत. वरून फार छान दिसतात, पण किड्यांचा सुळसुळाट आहे. उडून आल्यावर काच आणि पंखांच्या कडा पुसून ठेवाव्यात, टाकी भरून ठेवावी, विमान दोरांनी नीट बांधावं. नेहमीचंच आहे, तरी लिहिलं.

मीटर आणि वही यांत आता सहा तासांचा फरक आहे. मीटरवरून आपण तेल बदलतो आणि तपासणी ठरवतो, आणि परवाना नसलेल्या हातात विमान आहे असं विमावाल्यांना कळलं तर क्लब बंद होईल. ज्याला उद्देशून आहे त्याला कळेल.

न छापलेलं

शेवटचं वाक्य ग्लेनिसने घालायला लावलं. खोटं कशाला, मलाही ते घालायचं होतं.

कारण मी दोर बघितले होते. आमच्याकडे प्रत्येकाची गाठ ओळखू येते. डेल तीन वेढे देतो, ग्लेनिस पाच देऊन वर आणखी एक गाठ मारते. वॉल्टरची गाठ डावखुरी, दोराचं टोक आतल्या बाजूला. त्या आठवड्यात वहीत एकही उड्डाण नव्हतं आणि पिवळीच्या तिन्ही दोरांना वॉल्टरची गाठ होती.

मी पंखाच्या कडेवरून बोट फिरवलं. किडा नाही. काच लख्ख. टाकी काठोकाठ.

काय सफाई आहे, मला वाटलं. माग ठेवायचा नाही म्हणून सगळं कसं पुसलंय.

एकदा संशय धरला की स्वच्छ काचसुद्धा डाग वाटते. वॉल्टर नाश्त्याला उशिरा आले, मी म्हटलं, का? लवकर आले, मी म्हटलं, का? "या वर्षी वारा बरा आहे," म्हणाले, तर मनात आलं, यांना वरचा वारा कसा माहीत?

न छापलेलं, मंगळवार

सकाळी सहाला मी गाडी फाटकाशी लावली आणि चालत गेले. वॉल्टरचा ट्रक शेडमागे होता. पिवळी जागच्या जागी, दोरांनी बांधलेली, चाकांना ठोकळे लावलेले.

आत वॉल्टर बसले होते. डोक्यावर हेडफोन, मांडीवर थर्मास. रेडिओवर कुणी फवारणीवाला वैमानिक दुसऱ्याला सांगत होता की रस्त्याच्या पलीकडचं शेत ओलं आहे.

मी दार उघडलं. ते दचकले नाहीत.

"काच पुसली का ते बघायला आलीस?"

"वॉल्टर, हे काय चाललंय?"

"काच पुसली, दोर नव्याने बांधले, आता ऐकतोय."

मीटरचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर एका घराने पुढे सरकला. इंजिन थंडगार होतं. किल्ली खाचेत घातलेलीसुद्धा नव्हती.

तेव्हा कळलं. पिवळीचं मीटर इंजिनावर नाही, विजेच्या मुख्य बटणावर चालतं. आम्ही सगळे बटण दाबतो आणि लगेच किल्ली फिरवतो. चाळीस वर्षांत बटण दाबून नुसतं बसायचं कुणाला सुचलं नव्हतं, म्हणून बटणाचा विचारही कुणी केला नाही. बॅटरी दोनदा बसली, तरी नाही.

"घरी रेडिओ नाही का?"

"घरी मी स्वयंपाकघरात असतो," ते म्हणाले. "इथे मी इथे असतो."

"मी सांगते सगळ्यांना. आजच."

"काही सांगायचं नाही." आवाज एकदम मास्तरांचा. "चोरून उडतो म्हणाले तर म्हणू देत. बांधलेल्या विमानात बसून खेळणारा म्हातारा म्हणाले, तर नाश्त्याला कोणत्या तोंडाने येऊ?"

न छापलेलं, सभा

डेलने घसा साफ केला, टोपी काढली, परत घातली. "वॉल्टर, म्हणजे, कुणी आरोप करत नाही..."

"मी करते," ग्लेनिस म्हणाली.

"उडलो मी," वॉल्टर म्हणाले.

डेलने टोपी पुन्हा काढली.

"कुठे गेला होतात?" ग्लेनिसने विचारलं.

त्यांनी सांगितलं. नदीच्या वळणावरून, धान्याच्या उंच कोठाराला डावीकडे ठेवून, सरोवरापर्यंत. पाण्यावर पेलिकन पक्षी होते, एकोणीस. परतताना ऊन पाठीवर. "आणि पुलाखालून गेलो नाही हं, ग्लेनिस. कायदा पाळतो मी."

लोक हसले. दोघांतिघांच्या तोंडावर तर कौतुक होतं. वॉल्टर मार्चपासून इतके ताठ बसलेले मी पाहिले नव्हते.

किल्ली काढून घ्यावी, या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. वॉल्टर माझ्याकडे बघत होते. मीही केला.

छापलेलं: ऑगस्ट

श्री. हुनचाक यांनी किल्ली परत केली. मीटरचा तोवरचा फरक वहीत चढवला. बाहेर कुठे कळवायचं नाही असं ठरलं. विषय संपला.

न छापलेलं

विषय संपला नाही, कारण बटणाला किल्ली लागत नाही आणि पिवळीच्या दाराचं कुलूप कित्येक वर्षं मोडलेलं आहे. तीन आठवड्यांत मीटर चार तास पुढे.

ग्लेनिस माझ्या अंगणात आली. बसली नाही.

"किल्ल्या आता तीन, थोरा. डेलची, माझी, तुझी. डेल महिनाभर पाठ धरून झोपलाय. मी मला ओळखते."

"मग?"

"तुझी गाडी दर मंगळवारी सहाला फाटकाशी असते. थर्मास घेऊन जातेस. दोन कप."

पोस्टातली नजर.

"येत्या अंकात सभेची सूचना छाप," ती म्हणाली. "विषय, तुझी किल्ली. तूच टाइप कर, चुका होणार नाहीत."

माझ्याकडे दुसरं विमान नाही. किल्ली गेली की माझंही उडणं संपलं.

मंगळवारी मी वॉल्टरना सांगितलं. त्यांनी हेडफोन काढले. थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"मग मी खरं सांगतो त्यांना."

"आता कोण ऐकणार? तुम्ही पेलिकनसुद्धा मोजलेत."

त्यांना हसू आलं, मग गेलं. "तुझी किल्ली जाऊ देणार नाही मी. आजपासून बंद." त्यांनी बटणाकडे हात नेला.

मी तो धरला. क्लबची तक्रार तरी काय होती? तास नोंदवलेले नाहीत, एवढीच ना. मी दाराच्या खणातून वही काढली, सभेनंतरचे सगळे तास वेगवेगळ्या तारखांना उतरवले आणि आजचीही ओळ भरली. नावाच्या रकान्यात: थोरा. कुठून: इथून. कुठे: इथेच. आमच्याकडे निम्म्या ओळी अशाच असतात, माणसं एक चक्कर मारून परत येतात.

"खोटं आहे," वॉल्टर म्हणाले.

"कुठला शब्द?"

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली. शब्द सापडला नाही. मी उजव्या आसनावर बसले, त्यांनी दुसरे हेडफोन माझ्याकडे दिले.

छापलेलं: सप्टेंबर

पिवळीचं मीटर आणि वही आता जुळतात. संपादकाने उशिरा नोंद केल्याबद्दल माफी मागितली आणि डेल यांनी ती मान्य केली. सभा रद्द.

न छापलेलं

शनिवारच्या नाश्त्याला ग्लेनिस पिवळीच्या पंखाशी उभी होती. कडेवरून तिने बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नऊ उड्डाणं," ती म्हणाली. "या मोसमात. आणि एक किडा नाही."